विद्यापीठाचा मेल, घरचा लॅपटॉप

ऍडमिशन झाल्या, आयडी मिळाले, आणि आता पत्रांमधे एकच विषय आहे, युनिव्हर्सिटीने दिलेला ईमेल घरच्या कॉम्प्युटरवर लावायचा कसा. या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून चार पत्रं घेतलीयेत. मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमधे हेल्पडेस्कला काढलीयेत, त्यामुळे हे प्रश्न माझ्या ओळखीचेच आहेत.

प्रश्न: नमस्कार ताई, मी नांदेडची, पीएचडीचं दुसरं वर्ष. युनिव्हर्सिटीचा एसी डॉट इन वाला मेल ब्राउझरमधे व्यवस्थित उघडतो. पण आमच्याकडे नेट सारखं जातं म्हणून मला तो लॅपटॉपवर थंडरबर्ड नावाच्या मेल प्रोग्राममधे पाहिजे, म्हणजे नेट नसताना पण जुने मेल वाचता येतील. तिथे पासवर्ड टाकला की चुकीचा आहे म्हणतं, तोच पासवर्ड ब्राउझरमधे चालतो. तीनदा बदलून बघितला. मैत्रीण म्हणते पॉप लाव, चालेल. लावू का?

उत्तर: पॉप लावू नका, आणि पासवर्ड पण आता बदलत बसू नका, तो बरोबरच आहे.

आधी पॉपचं सांगते. पॉपचं काम म्हणजे मेल सर्व्हरवरून उचलून तुमच्या मशीनवर आणून टाकणं, आणि सेटिंगमधे सर्व्हरवर प्रत ठेवायची टिक नसेल तर आणल्यावर तो तिकडून पुसला पण जातो. माझ्या ओळखीच्या एका संशोधकाचं असंच झालं. चार वर्षं पॉपवर मेल लॅपटॉपमधे येत होते, ती टिक कधीच केलेली नव्हती, आणि एका सकाळी हार्ड डिस्क टकटक आवाज करून बंद पडली. गाइडनी चॅप्टरवर केलेल्या दुरुस्त्या, मुलाखती दिलेल्या लोकांच्या परवानगीचे मेल, जर्नलवाल्यांची उत्तरं, सगळं त्या एका डिस्कवर होतं. ब्राउझरमधे इनबॉक्स उघडला तर जेमतेम आठवड्याभराचे मेल. तो माणूस माझ्या टेबलासमोर बसून रडला होता, ते मी अजून विसरले नाहीये. पॉपऐवजी आयमॅप नावाची पद्धत लावा, तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि लॅपटॉपवर त्याची प्रत दिसते, फोनवर वाचलात तर लॅपटॉपवर पण वाचलेला दिसतो. तुम्हाला हवं ते नेट नसताना वाचणं पण आयमॅपमधे होतं, थंडरबर्ड सगळ्या मेलची प्रत मशीनवर ठेवतंच.

आता पासवर्ड. तुमचा पत्ता विद्यापीठाच्या नावाचा असला तरी पाठीमागे बहुतेक वेळा गूगल नाहीतर मायक्रोसॉफ्टची सेवा असते. ब्राउझरमधे लॉगिन करताना गूगलचं पान येतं का मायक्रोसॉफ्टचं, तेवढं बघितलं की कळतं. पूर्वी थंडरबर्डसारखा प्रोग्राम तुमचा पासवर्ड थेट सर्व्हरला देऊन आत जायचा. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून संस्थांच्या अकाउंटला बंद करत आणली, गूगलने खासगी जीमेलला मे २०२२ मधे आणि नंतर संस्थांच्या अकाउंटला पण बंद केली. आता लागते ती ओऑथ२ नावाची पद्धत, म्हणजे लॉगिन गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्याच पानावर होतं आणि थंडरबर्डला पासवर्ड न कळता फक्त आत यायची परवानगी मिळते. तुमचं थंडरबर्ड बहुतेक जुन्या पद्धतीने दार वाजवतंय, समोरचा ते उघडत नाही, आणि स्क्रीनवर मेसेज येतो पासवर्ड चुकीचा असल्याचा. तो मेसेज असा दिशाभूल करणारा असल्यामुळे किती मुलं उगाच पासवर्ड बदलत बसतात.

काय करायचं ते बघा. थंडरबर्ड आधी नवीन करून घ्या, जुनं असेल तर मायक्रोसॉफ्टसाठी ओऑथचा पर्यायच नसतो. मग नवीन अकाउंट जोडताना नाव आणि पूर्ण पत्ता टाका, एसी डॉट इन पर्यंत सगळा, नुसता रोल नंबर नाही. आयमॅप निवडा. मॅन्युअल सेटिंगमधे जाऊन ऑथेंटिकेशनच्या खान्यात ओऑथ२ आहे ना ते बघा. गूगल असेल तर येणाऱ्या मेलचा सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, मायक्रोसॉफ्ट असेल तर आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, दोन्हीकडे पोर्ट ९९३. जाणाऱ्या मेलला एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम पोर्ट ४६५, किंवा एसएमटीपी डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम पोर्ट ५८७, आणि तिथे पण ओऑथ२ च, ही दुसरी जागा लोक हमखास विसरतात आणि मग मेल येतात पण जात नाहीत. झालं की छोटी खिडकी उघडेल, त्यात नेहमीसारखं लॉगिन करा, फोनवरचा कोड मागितला तर द्या. खिडकी कोरी दिसली तर थंडरबर्डमधल्या कुकीज बंद असतील, त्या चालू करा.

एवढं करून पण "ऍडमिनची परवानगी लागेल" असं पान आलं, तर ते विद्यापीठाने वरून बंद केलेलं आहे, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. कॉम्प्युटर सेंटरला लिहा, आणि "मेल चालत नाही" असं नुसतं लिहू नका, कुठला प्रोग्राम, कुठल्या पायरीला अडकलं, आणि स्क्रीनशॉट जोडा, हेल्पडेस्कवरच्या माणसाचे दोन दिवस वाचतात आणि तुमचे पण.

अजून एक, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर आधी वाचा. पॅक रोजचा दीड जीबीचा आणि मेलबॉक्स सहा जीबीचा असेल तर पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पॅक संपणार. अकाउंट सेटिंगमधे सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज आहे, तिथे आधी फक्त शेवटचे ३० दिवस ठेवा, आणि कधी लायब्ररीच्या वायफायवर बसाल तेव्हा सगळं आणून घ्या. आणि लॅपटॉप घरात सगळे वापरत असतील तर विंडोजवर स्वतःचा वेगळा युजर करा. थंडरबर्डचा प्रायमरी पासवर्ड फक्त साठवलेल्या पासवर्डना कुलूप लावतो, मशीनवर उतरलेले मेल डिस्कवर तसेच उघडे असतात.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी ऑक्टोबरमधे मास्टर्सला जर्मनीला जातेय. तिकडच्या विद्यापीठाने मेल अकाउंट आत्ताच सुरू करायला सांगितलंय. कोड तिच्या इथल्या मोबाइल नंबरवर येतो. तिकडे गेल्यावर नंबर बदलणार, मग काय? (एक पालक, सातारा)

उत्तर: दादा, बरं झालं आत्ता विचारलंत, हे विमानतळावर आठवलं असतं तर फार त्रास झाला असता.

कोड एसएमएसवर ठेवूच नका. तिला अकाउंटच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन ऑथेंटिकेटर ऍप जोडायला सांगा, चौकोनी क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. त्या ऍपमधे दर ३० सेकंदाला नवा आकडा तयार होतो आणि त्याला सिम पण लागत नाही आणि नेट पण लागत नाही, सगळा हिशोब फोनमधेच चालतो. पण त्याच कारणाने तो फोन महत्त्वाचा होतो. जायच्या आधी बरीच मुलं नवीन फोन घेतात आणि जुना घरात धाकट्या भावाला देतात, तो फोन रीसेट केला की कोड गेले. तेव्हा नवीन फोनवर ऍप लावून, एकदा लॉगिन करून खात्री झाल्यावरच जुना रिकामा करायचा. अकाउंट बॅकअप कोड देत असेल तर ते कागदावर प्रिंट काढून पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर फाइलमधे ठेवा, आणि एक प्रत तुमच्याकडे साताऱ्याला असू द्या. इथला नंबर लगेच बंद करू नका, बँकेला तो लागतोच.

जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांचा मेल सर्व्हर त्यांचा स्वतःचा असतो आणि ते काम रेशेनत्सेंट्रुम म्हणजे तिकडचं कॉम्प्युटर सेंटर बघतं. त्यांच्या साइटवर आयमॅप आणि एसएमटीपीचे, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचे पत्ते नीट दिलेले असतात, तेच वापरायला सांगा, कुठल्या तरी व्हिडिओतले नको. युजरनेम कधी पूर्ण पत्ता असतो तर कधी नुसता आयडी, ते तिथेच लिहिलेलं असतं, अंदाजाने चार-पाच वेळा टाकलं तर अकाउंट लॉक होऊ शकतं. सगळे मेल आपोआप जीमेलला फॉरवर्ड करायचा मोह तिला होईल, पण काही विद्यापीठांना ते मान्य नसतं, आणि परीक्षेची नोंदणी, फीची तारीख, वर्गाची खोली बदलली हे सगळं त्या एका पत्त्यावरच येतं, त्यामुळे तो लॅपटॉपवर सरळ लावलेला बरा. एड्युरोम नावाचं वायफाय पण त्याच आयडीवर मिळतं, त्याचं सेटअप इथूनच करून गेली तर उतरल्या दिवशी कॅम्पसवर नेट सुरू.

प्रश्न: मी दापोलीला शिक्षिका आहे आणि बाहेरून एमए करते. घरी जुना डेस्कटॉप आहे. रोज सकाळी चालू केला की मेलला सर्टिफिकेट बरोबर नाही असं येतं, गूगल पण कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतं. भाचा येऊन काहीतरी करतो, दिवसभर चालतं, दुसऱ्या दिवशी परत तेच.

उत्तर: ताई, उद्या सकाळी चालू केलात की सगळ्यात आधी खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मला जवळजवळ खात्री आहे की तिथे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं कुठलं तरी साल असेल, आणि भाचा येऊन तेच दुरुस्त करत असणार.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, आणि प्रत्येक सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरला आज २००९ चालू आहे असं वाटत असेल तर त्याच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो नाही म्हणतो. आणि घड्याळ का मागे जातं, तर आत मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. तुम्ही रात्री बोर्डाचं बटण बंद करत असाल, आणि कोकणात पावसात लाइट जाते ते वेगळंच, तेवढा वेळ घड्याळ त्या सेलवर चालतं. सेल संपला की घड्याळ मूळ पदावर. घड्याळवाल्याकडे पण हा सेल मिळतो आणि स्वस्त असतो. प्लग काढून, बाजूचं झाकण उघडून, जुना सेल कुठल्या बाजूने बसलाय ते बघून नवीन तसाच बसवायचा, मग तारीख-वेळ एकदा लावायची.

एक मात्र कळकळीने सांगते, ते सर्टिफिकेटचं आलं की "अपवाद मान्य" वगैरे बटण दाबून पुढे जाऊ नका. आज कारण घड्याळाचं आहे, पण सवय लागली की खरंच कोणी मधे बसून तुमचा पासवर्ड बघत असेल तेव्हा पण तुम्ही तेच बटण दाबाल.

प्रश्न: पुण्यात एमएस्सी संपलं. युनिव्हर्सिटीने कळवलंय की ३० तारखेनंतर मेल बंद. थंडरबर्डमधे सगळे मेल आहेतच, म्हणजे काही करायला नको ना?

उत्तर: करायला पाहिजे, आणि याच आठवड्यात.

वर नांदेडच्या ताईंना आयमॅप लावा म्हणाले, त्याची ही दुसरी बाजू. थंडरबर्डमधे दिसतंय ते सर्व्हरवरच्या मेलचं प्रतिबिंब आहे. तिकडचे मेल पुसले गेले तर इकडचे पण जाऊ शकतात. म्हणून डाव्या बाजूला खाली लोकल फोल्डर्स असतं, त्यात नवीन फोल्डर करा आणि इनबॉक्स, सेंट सगळं निवडून तिथे कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी. हजारो मेल असतील तर पाचशे-सातशेच्या गठ्ठ्याने करा, आणि मधले दोन-चार मेल अटॅचमेंट सकट उघडून बघा. मग ते सगळं पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर पण घ्या.

मेल गूगलवर असेल तर गूगल अकाउंटमधे "ट्रान्सफर युअर कंटेंट" नावाची सोय आहे, विद्यापीठाने बंद केली नसेल तर मेल आणि ड्राइव्ह थेट तुमच्या खासगी अकाउंटला जातं. ड्राइव्हकडे नीट बघा. प्रोजेक्टचा डेटा तुमच्या विद्यापीठाच्या अकाउंटवर असेल आणि बाकीच्या तिघांना फक्त शेअर केलेला असेल तर तुमचं अकाउंट गेल्यावर त्या तिघांचा पण गेला.

मग वही घेऊन बसा आणि हा पत्ता कुठे कुठे दिलाय ते लिहून काढा. ऑर्किड (संशोधकांचा कायमचा ऑनलाइन आयडी), लिंक्डइन, गिटहब, स्कॉलरशिपचं पोर्टल, नोकरीचे अर्ज. प्रत्येक ठिकाणी आधी नवीन पत्ता जोडायचा, त्याची खात्री करायची आणि मगच जुना काढायचा, कारण बदलायचा कोड बऱ्याच ठिकाणी जुन्याच पत्त्यावर येतो. पेपर छापून आला असेल आणि त्यावर संपर्काला हा मेल असेल तर ऑर्किडचं आधी करा, पेपर वाचून तुम्हाला शोधणारा माणूस तिथून पोचू शकतो.

शेवटी गाइडना, लॅबमधल्या लोकांना आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांना याच जुन्या पत्त्यावरून नवीन पत्ता कळवा, म्हणजे तुम्हीच पाठवताय हे त्यांना कळेल. त्यानंतर ऑटो रिप्लाय लावा, नवीन पत्ता त्यात लिहा, आणि तो ३० तारखेपर्यंत चालू राहू द्या.