प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील तर

प्रिय बहिणी,

नोकरी जाऊन वर्ष होत आलं, आईचं दुखणं हटत नाही, रात्र रात्र जागरण. त्यात चर्चच्या मंडळीतलं कुणी ना कुणी बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला ५वा अध्याय ऐकवून जातं. तू विचारलंस, "गुडघे टेकते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का?"

नाही गं. माणूस खचला म्हणून त्याचा विश्वास आटला, असं मी कधीच मानणार नाही, आणि पवित्र शास्त्रही तसं म्हणत नाही. १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय काढून बघ. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेला देवानं अग्नी पाठवून उत्तर दिलं होतं. तोच एलीया ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवानं काय केलं? त्याला झोपू दिलं. दूतानं हलवून उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. खाऊन तो पुन्हा आडवा झाला, तरी देव रागावला नाही. दूत परत आला, म्हणाला, ऊठ, खा, वाट लांबची आहे. "तू इथं काय करतोस?" हा प्रश्न देवानं विचारला तो पुढे, ४० दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगराला पोहोचल्यावर.

म्हणून माझं पहिलं सांगणं झोपेचं आणि जेवणाचं. आईजवळ आठवड्यातून एक-दोन रात्री दुसरं कुणी बसेल अशी सोय कर. झोप तरीही येत नसेल तर डॉक्टरांना दाखव. जगणंच नको असं मनात आलं तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांग आणि डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाला कसलाच कमीपणा नाही.

रोमकरांस पत्राचा तो ५वा अध्याय लोक घाईनं ऐकवतात याचं मला वाईट वाटतं. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यात म्हणतो, संकटानं धीर, धीरानं शील आणि शीलानं आशा. आशा शेवटी येते. तुला आज ती मनात जाणवत नसेल तर काही चुकलेलं नाही. आजचा दिवस निभावलास ना, तो धीरच आहे.

शब्द सुचत नाहीत तर उसने घे. स्तोत्र ८८ मोठ्यानं वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. तरी ते देवालाच हाक मारत राहतं. तुझ्या मनातली तक्रारही तशीच त्याच्यापुढे मांड.

आणि एकटी राहू नकोस. मार्कच्या शुभवर्तमानाच्या २ऱ्या अध्यायातला पक्षाघाती चालू शकत नव्हता. चौघांनी त्याला उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं. येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला, असं तिथं लिहिलंय. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. मंडळीतली उपदेश न करणारी एखादी बाई निवड आणि तिला सरळ सांग, "मला सध्या प्रार्थना जमत नाही, माझ्यासाठी तू कर." रविवारी उपासनेत गाता आलं नाही तरी जाऊन बस, बाकीचे गातील. वचनं ऐकवणाऱ्यांना म्हण, "आज नुसते जवळ बसा."

आईची तब्येत कशी आहे ते कळव. मी तुम्हा दोघींसाठी प्रार्थना करते आहे.

तुझी ताई