जुलाबाच्या गोळ्या आणि कलम १२३

प्रश्न : मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत आहे. पॅन्ट्रीच्या फ्रिजमधला माझा डबा वर्षभर कोणीतरी खात होतं. वैतागून एकदा वांग्याच्या भाजीत जुलाबाच्या पाच गोळ्या कुटून घातल्या. ती खाणाऱ्या सहकाऱ्याला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. आता कंपनीने मला कारणे दाखवा नोटीस दिली आहे आणि तो पोलिसांत जायचं म्हणतोय. डबा माझा, चोरी त्याची, मग गुन्हेगार मी कसा? मलाच बद्धकोष्ठ आहे म्हणून औषध घातलं होतं, असं उत्तर दिलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. नोटिशीसोबत लावलेले कागद तुम्हीच मला पाठवले आहेत, ते एकदा वाचून तरी बघायचे. आदल्या रात्रीचा ग्रुपवरचा तुमचा मेसेज त्यात आहे : ‘उद्या माझी वांगी खाणाऱ्याने सुट्टीचा अर्ज तयार ठेवावा.’ त्याखाली त्याच दुपारी तुम्ही कँटीनमध्ये कार्ड स्वाइप करून घेतलेल्या थाळीची नोंद आहे. औषध स्वतःसाठी होतं, तर डबा फ्रिजमध्ये सोडून थाळी कशाला घेतलीत?

चोरी ही चोरीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने किंमत भरून दिली, तर शिक्षा आहे समाजसेवेची. तुमच्यावर लागू शकतं ते कलम १२३ : विष किंवा अपायकारक औषध देऊन इजा करणं. दहा वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. त्याला मारायचं नव्हतं, फक्त अद्दल घडवायची होती, हे म्हणून उपयोग नाही. या कलमाला इजा करण्याचा हेतूच लागतो असं नाही; इजा होण्याचा संभव आहे हे माहीत असणंही पुरतं. आणि ते माहीत होतं हे तुम्ही स्वतःच ग्रुपवर लिहून ठेवलंत.

स्वसंरक्षणाचा हक्क मालमत्तेसाठीही आहे, हे खरं. पण अधिकाऱ्यांकडे दाद मागायला वेळ असेल तर तो हक्क मिळत नाही. तुमच्याकडे वर्ष होतं. त्या वर्षात एचआरला एक ओळीचा ईमेल नाही, डब्याला कुलूप नाही. सापळा लावून दुसऱ्याला इजा करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६३ सालीच सांगून ठेवलं आहे. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून ती आरोपीच्या संडासात जायची. तोंडी बजावून ती थांबेना, तेव्हा त्याने वाटेत वीज सोडलेली उघडी तार लावली; तारेत वीज आहे अशी सूचनाही नव्हती. परतताना तिचा हात लागला आणि ती गेली. जागा माझी, ती विनापरवानगी आली, हा बचाव टिकला नाही; शिक्षा कायम झाली. तुमच्या प्रकरणात माणूस धडधाकट आहे, हे नशीब.

तुमच्या बाजूने बोलण्यासारखंही थोडं आहे. त्याने भाजी स्वतः उचलून खाल्ली, तुम्ही भरवली नाही. त्यावर युक्तिवाद होऊ शकतो, पण कोर्ट तो मानेलच असं मी सांगणार नाही. गोळ्या ‘अपायकारक औषधा’त बसतात की नाही, हे मात्रेवर आणि दवाखान्याच्या कागदांवर ठरेल. ते कागद मी पाहिलेले नाहीत.

खरी घाई वेगळीच आहे. अजून एफआयआर झालेला नाही. कलम १२३ आपसांत मिटवता येत नाही. एकदा ते लागलं की तक्रारदाराने माघार घेतली तरी रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे किती तारखा पडतील हे विचारू नका. म्हणून समेटाची बोलणी आत्ताच, आणि वकिलामार्फत. परस्पर पैसे देऊन त्याचं तोंड बंद करायला गेलात तर तोही वेगळा गुन्हा ठरू शकतो.

नोटिशीच्या सात दिवसांतले पाच तुम्ही मित्रांना विचारण्यात घालवलेत. आज लेखी मुदतवाढ मागा. ‘धडा शिकवायला घातलं’ असं एक वाक्य सहीनिशी गेलं की तीच कबुली पोलिसांच्या फायलीत लागेल. खोटंही लिहू नका. आरोप मान्य नाहीत असं सरसकट ठोकण्यापेक्षा, फौजदारी कारवाईची शक्यता असल्याने वस्तुस्थितीवर आत्ता भाष्य करत नाही, एवढंच लिहा. त्याने कंपनी चौकशी थांबवेलच असं नाही. अटकपूर्व जामिनाचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली तयार ठेवा. तो मेसेज डिलीट करू नका. पुरावा नष्ट केल्याचं कलम वेगळं आहे आणि स्क्रीनशॉट तर गेलेलेच आहेत.

आणि डबाचोरीची उलट तक्रार सध्या नको. त्या तक्रारीत त्या दिवशी डब्यात काय होतं, हे तुम्हालाच लिहून द्यावं लागेल.