हाताने शिवलेली जुनी गोधडी रोज वापरली तर खराब होईल का? मशिनमध्ये धुवायची का आणि कपाटात कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की घरात हाताने शिवलेली एक जुनी गोधडी आहे, फाटेल म्हणून वापरायची भीती वाटते, मशिनमध्ये टाकावी की नाही कळत नाही, आणि कपाटातून काढली की कुबट वास येतो. मी गोधड्या, रजया दुरुस्त करतो, हौस म्हणून सुरू केलं होतं, आता ओळखीतले लोक आणून देतात. त्यावरून सांगतो, बिनधास्त वापरा. माझ्याकडे येणाऱ्या गोधड्यांमध्ये अंगावर घेऊन झिजलेल्या कमी असतात, धुताना वाट लागलेल्या आणि कपाटात सडलेल्या जास्त. म्हणजे वापर भरपूर, धुणं कमी आणि बंद करून ठेवणं त्याहून कमी, एवढं जमलं तर बाकी फार काही लागत नाही.

धुणं कमी कसं करायचं तर गोधडी थेट अंगाला लागू द्यायची नाही. खाली एक पातळ सुती चादर घ्यायची, घाम, तेल, क्रीम सगळं चादरीला लागतं आणि चादर धुवायला काही लागत नाही. दुसरं म्हणजे तोंडाकडचा काठ. गोधडी सगळ्यात आधी तिथेच मळते, कारण तिथेच आपण धरतो, ओढतो, हनुवटीखाली घेतो. त्या काठावर साध्या सुती कापडाची वीतभर रुंद पट्टी दुमडून मोठ्या टाक्यांनी टाचून टाका. मळली की टाके ओढून पट्टी काढायची, धुवायची, परत टाचायची. दहा मिनिटांचं काम आहे आणि गोधडीचं एक अख्खं धुणं वाचतं. पण पट्टी टाचल्यावर डोक्याची बाजू ठरली, मग रोज तीच बाजू वर घ्यायची, नाहीतर काय उपयोग.

सकाळी उठल्या उठल्या घडी घालू नका. रात्रभर अंगाची वाफ आत मुरलेली असते, घडी घातली की ती तिथेच कोंडते. अंगाकडची बाजू वर करून तासभर तशीच पसरून ठेवा, मग घडी. धूळ झटकायला जोरजोरात आपटायची सवय असेल तर सोडा, आपटल्याने जुना दोरा तुटतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला पातळ जाळीचं कापड बांधून सगळ्यात कमी ओढीवर फिरवा. मांजर कुत्रं गोधडीवर झोपत असेल तर वर एखादी चादर टाका, नखात टाका अडकला की सरळ ओळच उसवत जाते. आणि हो, घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर झोपताना त्याच्या अंगावर गोधडी किंवा रजई घालू नका, तोंडावर येऊन श्वास कोंडायचा धोका असतो, सैल पांघरूण बाळाच्या पाळण्यात नकोच.

आता धुणं. चादर लावून वापरली तर वर्षातून एकदा दोनदा धुतली तरी पुरे. अजिबातच धुवायची नाही असंही करू नका, घामाने पण कापड कुजतं आणि पिवळं पडतं.

पण धुवायच्या आधी आत काय आहे ते बघा, कारण सगळं त्यावर आहे. गोधडी म्हणजे वरचा थर, मधलं भरण आणि खालचं अस्तर, आणि हे तिन्ही धरून ठेवतात ते टाके. टाके नक्षीसाठी नसतात (नक्षी होते तो बोनस). आत जुने कपडे असतील तर धुवायला सगळ्यात सोपी. पॉलिएस्टरचा एकसंध थर असेल तरी चिंता नाही. मोकळा कापूस असेल आणि टाक्यांच्या ओळी लांब लांब असतील तर पाण्यात तो कापूस सरकून कोपऱ्यात गोळा होणार, अशी रजई धुवायचीच नाही, खोळ घालून वापरायची आणि खोळ धुवायची. लोकर किंवा रेशीम असेल तर डाग खाणारे एन्झाइम असलेली पावडर चालत नाही, कारण ते एन्झाइम प्रथिनं तोडतात आणि लोकर, रेशीम दोन्ही प्रथिनंच आहेत. त्यात लोकर पाण्यात घुसळली की आटून घट्ट होते ती वेगळीच. गोधडी उजेडासमोर धरली की गुठळ्या आणि रिकाम्या जागा दिसतात, तेवढं तरी बघून घ्या.

मग रंगाची परीक्षा. पांढरं सुती फडकं ओलं करून त्यावर साबणाचा एक थेंब टाका आणि प्रत्येक गडद तुकड्यावर दोन चार मिनिटं दाबून धरा. लाल, मरून, गडद निळा, काळा, यांच्यावर तर नक्कीच, एका तुकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका, गोधडीत दहा ठिकाणचं कापड असतं. फडक्याला रंग लागला तर घरी धुवू नका. मीठ किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण तसं होत नाही, मीठ आणि आम्ल रंगवताना लागतं, रंगवून झालेल्या कापडातला सुटणारा रंग त्याने कायमचा धरला जात नाही. धुताना रंग पसरलाच तर एकच लक्षात ठेवा, वाळू द्यायचं नाही. भरपूर पाण्यात साबण घालून तशीच बुडवून ठेवायची आणि पाणी रंगीत झालं की बदलत राहायचं. ओला असेपर्यंत तो रंग निघायची आशा असते, एकदा वाळला किंवा त्यावरून इस्त्री फिरली की मग विसरा.

मशिन चालेल का, तर मशिनवर शिवलेली, नवी, घट्ट टाक्यांची गोधडी असेल तर चालेल. फ्रंट लोड, नाजूक कपड्यांचा प्रोग्राम, थंड पाणी किंवा फार तर ३० अंश, स्पिन कमी, आणि ड्रममध्ये ती एकटीच. ठासून बसत असेल तर मशिन लहान आहे असं समजा, ती आत मोकळी फिरली पाहिजे. मधोमध दांडा असलेल्या टॉप लोडमध्ये टाकू नका, दांड्याभोवती पीळ बसून टाके जातात. तुमची हाताने शिवलेली आणि जुनी आहे म्हणजे मशिन नकोच.

हाताने धुताना मोठ्या टबात किंवा बाथटबमध्ये आधी एक जुनी चादर अंथरा, तिच्यावर गोधडी सैल पसरा, थंड पाणी, अगदी थोडा सौम्य लिक्विड साबण, आणि तळव्यांनी दाबत राहा. चोळायचं नाही, ब्रश नाही, पिळायचं तर मुळीच नाही. लोकांना वाटतं पाण्याने कापूस कच्चा होतो, तर उलट आहे, सुती धागा ओला असताना कोरड्यापेक्षा थोडा मजबूतच असतो. घोटाळा वजनाचा आहे. भिजलेली गोधडी कोरड्याच्या कितीतरी पट जड होते आणि आपण ती दोन कोपरे धरून उचलतो, मग सगळं भरण खाली लोंबतं आणि तो सगळा भार जुन्या दोऱ्यावर येतो, कान दिला तर टाके तुटताना टक टक असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं आता माझ्यासारख्याचं काम निघालं. म्हणून ती खालची चादर. गोधडीला हात न लावता चादरीचे चार कोपरे धरून झोळीसारखं उचलायचं, दोघं असाल तर उत्तम, आणि आधी पाणी निथळू द्यायचं. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहा, साबण राहिला तर गोधडी कडक होते आणि पुढे पिवळट पडते. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसतो आणि कापड घाम शोषायचं कमी करतं. ब्लीच तर नकोच नको. रक्ताचा डाग असेल तर फक्त थंड पाणी, गरम पाण्याने तो कायमचा बसतो.

वाळवताना जाड टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपून घ्या. मग जमिनीवर कोरडी चादर अंथरून आडवी पसरा, उलटी बाजू वर, सावलीत, वारं खेळतं अशा जागी. दोरीवर टाकायची वेळ आली तर तीन चार दोऱ्यांवर पसरून टाका म्हणजे भार वाटला जातो. पंखा लावा, मधूनमधून उलटा, दिवसभरात वाळली पाहिजे, रेंगाळली की वास धरते, त्यामुळे हवा दमट असेल त्या दिवशी धुणं काढूच नका. वरून कोरडी आणि आतून ओली अशी फसवणूक नेहमी होते. हाताची मागची बाजू मध्यभागी थोडा वेळ टेकवा, गार लागलं तर आत ओल आहे. पॉलिएस्टर भरलेल्या नव्या रजईला ड्रायर चालतो, कमी उष्णतेवर, सोबत दोन स्वच्छ टेनिस बॉल टाकले तर भरण फुगतं. जुनीला ड्रायर नाही.

ऊन दाखवायचं का? हो, पण तास दोन तास आणि कोवळं. ओल जाते, वास जातो. दिवसभर कडक उन्हात ठेवली तर रंग उडतो आणि धागाही झिजतो, आणि खिडकीच्या काचेमागे ठेवली तरी रंग उडायचा थांबत नाही. धुळीतले माइट्स (डोळ्याला न दिसणारे बारीक किडे) उन्हाने मरतात यावर विसंबू नका, घरात दमा किंवा ॲलर्जी असेल तर ६० अंशाच्या पाण्यात धुता येईल अशीच रजई त्या माणसाला द्या. जुनी गोधडी ६० अंश सोसणार नाही, ती बंद पिशवीत घालून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोनेक दिवस ठेवली तर माइट्स मरतात, पण त्यांचा मळ आत राहतो आणि खरी ॲलर्जी त्याचीच असते, त्यामुळे पुढे धुणं किंवा व्हॅक्यूम आलंच.

आता तुमचा कुबट वास. तो गोधडीचा नसतो, ओलीचा आणि बुरशीचा असतो, त्यावर अत्तर शिंपडून काही होत नाही. बाहेर काढा, दोन तीन दिवस हवेशीर पसरा, काळे ठिपके असतील तर घराबाहेर नेऊन तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने कोरडेच झटका. आणि कपाट बघा. बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा, मागे हवा जाऊ दे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली असेल तर रोग तिथेच आहे, घडी घालताना जी थोडी ओल असते ती आतच अडकते आणि गोधडी सर्दावते. हवा काढून चपटी करायच्या पिशव्या सिंथेटिक रजईला थोडे दिवस ठीक, बाकी भरण त्यात दबून मरतं. जुन्या सुती चादरीत किंवा मोठ्या उशीच्या खोळीत गुंडाळून ठेवा. फळी लाकडी असेल तर गोधडी थेट लाकडावर नको, लाकडातल्या आम्लाने तपकिरी डाग पडतात.

डांबरगोळ्या मी टाकत नाही. लोकर खाणारे किडे लोकर आणि रेशीम खातात, शुद्ध सुती गोधडीत त्यांना काही मिळत नाही. सुती कापडाला कसर लागते ती बऱ्याचदा स्टार्चमुळे, म्हणून ठेवायच्या आधी स्टार्च करू नका आणि मळकी ठेवू नका. शिवाय या गोळ्यांत असणाऱ्या नॅप्थलीनची वाफ चांगली नाही, जी६पीडी कमतरता (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी असणं) असलेल्या बाळांना अशा गोळ्यांत ठेवलेल्या पांघरुणामुळेसुद्धा रक्तपेशी फुटण्याचा त्रास होतो.

घडी प्रत्येक वेळी वेगळ्या जागी घाला, एकदा दोनात, एकदा तीनात, कधी तिरकी. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडली की कापड तिथेच चिरतं. घडीच्या आत जुन्या चादरीची सुरळी ठेवली तर कड बसत नाही. घरात रिकामा पलंग असेल तर सगळ्यात भारी, त्यावर सरळ पसरून ठेवा आणि वर एक चादर टाका.

दुरुस्तीचं थोडक्यात. लोंबणारा दोरा ओढू नका, सुईत ओवून आत घाला. फाटलेला तुकडा कापून काढू नका, त्याच्यावर नवा सुती तुकडा ठेवून कडेने बारीक टाके घाला, जुना आत राहू दे. दोरा सुतीच घ्या, पॉलिएस्टरचा मजबूत दोरा जुन्या कापडाला कापत जातो. खूप जुन्या गोधडीत तपकिरी आणि काळे तुकडे आधी भुगा होतात आणि शेजारचे छान असतात, लोकांना वाटतं तिथे काहीतरी सांडलं असेल, पण त्या काळी ते रंग बऱ्याचदा लोहाचे क्षार वापरून पक्के करायचे आणि तेच लोह पुढे कापड खातं. अशा तुकड्यावर पातळ जाळीचं कापड लावायचं, त्याला पाणी लावायचं नाही.

तुमच्या गोधडीत आत काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कडेची शिवण दोन बोटं उसवून आतला एक धागा काढून बघा आणि खाली लिहा, लोकर निघाली तर धुण्याबद्दल वेगळं सांगावं लागेल.