शिल्प पहिल्या तालमीला हजर पाहिजे

प्रिय,

तुझं काम शिल्प म्हणून बघतील की नाचाचा सेट म्हणून, हे तू फिरवून फिरवून विचारलंयस. काळजी समजली, पण थोडा रागही आला. ते प्रेक्षक ठरवतील. तू एवढंच बघ की शिल्प पहिल्या तालमीला हजर आहे का.

नाच बसल्यावर आदल्या रात्री टेम्पोतून उतरतो तो सेट, मग तो कितीही देखणा असो. शिल्पकार नोगुचीनं 1935 साली अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमसाठी मंचावर काय ठेवलं? वरच्या कोपऱ्यांतून खाली ओढलेले दोन दोर आणि कुंपणाचा एक तुकडा. नाच त्या कुंपणापासूनच सुरू होतो. ते काढलं तर तिनं पाय कुठं टाकायचा?

आपल्या कोल्हापुरात शिल्प म्हटलं की चौथरा आणि हार. पण इथंच नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी पुतळे घडवले, कॅमेरा बनवला, सिनेमे काढले. आपण नक्की कोण, हे विचारत ते थांबले नाहीत.

मला एकदा आयोजक म्हणाले, नर्तकी पुढं नाचेल, तुमचा आकार मागं दिव्यात छान दिसेल. मी काम परत आणलं. पुन्हा बोलावणं आलं नाही आणि नाचासोबत काम करायचं राहूनच गेलं. त्याची हळहळ आहे. लोक हेकट म्हणाले, म्हणू देत. जिला टेकायची मुभा नाही, तिच्यामागं माझं शिल्प कशाला? आजही परतच आणीन.

आता कामाचं. फायबरचा आकार आतून पोकळ. तुझ्या नर्तकीनं खांदा टाकला की कलंडणार. उद्यमनगरातून जाड लोखंडी प्लेट कापून आण, आतली सळई तिला वेल्ड कर, वर वाळूची पोती ठेव. वेल्डिंगचे दाणे ग्राइंडरनं साफ घास, ती अनवाणी नाचणार आहे. घामेजलेला हात जिथं सरकतो तिथं पॉलिश नको, खरखरीत ठेव. ती जागा स्टुडिओत बसून सापडत नाही रे. म्हणून सांगतो, पहिल्या तालमीला.

फिनिशिंगची वाट बघू नकोस. नुसता सांगाडा ने, पण पहिल्याच दिवशी ने. प्लेट कापण्याआधी दोघं घरी या. तिचं वजन आणि ती कुठल्या बाजूनं झुकते, हे मला तिच्याकडूनच ऐकायचंय.

तुझा,
सर