आधी रक्तदाब मोज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वडिलांचा कॅडासिलचा, म्हणजे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आनुवंशिक आजाराचा रिपोर्ट, तुझं स्वतःचं ड जीवनसत्त्व 11, आणि शेवटी पेन दाबून लिहिलेला प्रश्न: आठवड्याला 60,000 युनिटच्या दोन पुड्या घेतल्या तर मेंदू वाचेल का?

नाही वाचणार. 11 ही कमतरता आहेच, ती डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेने भरून काढ, हाडांसाठी. मनाने पुड्या वाढवल्यास तर रक्तात कॅल्शियम चढेल आणि मूत्रपिंडं भोगतील. पण तुझा रक्तदाब किती? चार पानी पत्रात तो आकडाच नाही!

या आजाराचं मूळ 19व्या गुणसूत्रावरच्या नॉच-3 जनुकात आहे. पॅरिसच्या संशोधकांनी 1996 मध्ये ते शोधलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू त्यामुळे झिजतात, भिंत जाड होते. ड घेऊन जनुक बदलत नाही. एमआरआयवर पांढरे डाग असलेल्यांत ड कमी सापडतं म्हणतोस. अरे, पाय ओढत चालणारा माणूस उन्हात जातो तरी किती? अमेरिकेत 25,871 जणांपैकी निम्म्यांना रोज 2000 युनिट ड देऊन पाच वर्षं पाहिलं. पक्षाघात कमी झाले नाहीत. ते कॅडासिलचे रुग्ण नव्हते, मान्य. पण तू भरवसा ठेवावास असं माझ्या हाती काही नाही.

पुड्या मीही लिहून दिल्यात. सूतगिरणीतला एक कामगार होता, पंचेचाळिशीचा, पक्षाघाताचे दोन झटके येऊन गेलेले. 'यावर औषध नाही' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून ड लिहिलं. सदऱ्याच्या खिशातून विडीचं बंडल डोकावत होतं. मला दिसलं, मी बोललो नाही. तिसऱ्या झटक्यानंतर बायको त्याला धरून घेऊन आली तेव्हा वाचा गेली होती, बंडल तिथंच होतं. बाहेर पन्नास माणसं खोळंबलेली असत, त्या घराला हातात काहीतरी हवं होतं, मी तरी काय करणार, असं इतकी वर्षं मनाला समजावत आलो. 'विडी सोड' म्हणायला मिनिटही लागलं नसतं.

म्हणून पुन्हा सांगतो, रक्तदाब मोज. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, दंडाला पट्टा बांधून. सिगारेटबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे ओढतोस असं मी धरतो. आजच बंद कर.

जनुक तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे. चाचणी करायची की नाही हे तुझं तू ठरव, आधी जनुकीय समुपदेशकाशी बोल, कुणाच्या घाईने करू नकोस. रक्तदाब मोजायला मात्र तो रिपोर्ट लागत नाही.

बाबांचाही मोज, सकाळी चहाच्या आधी. आठवड्याचे आकडे पुढच्या पत्रात पाठव, दोघांचेही.