यूए १३+ सिनेमाला आठ वर्षांच्या मुलीला न्यावं का?

खारघरच्या एका ताईंनी विचारलंय: थोरला चौदाचा, धाकटी आठची. रविवारी चौघं सीवूड्सला सिनेमाला जाणार, पण तिकीट काढताना 'यूए १३+' दिसलं. धाकटीला आत सोडतील का?

सोडतील, ताई. दारावर कायद्याने अडवायचं ते फक्त 'ए'ला. तिथे १८च्या आतलं मूल आईबापांसोबत असलं तरी चालत नाही, त्यामुळे 'आम्ही आहोत ना बरोबर' म्हणून द्वारपालाशी हुज्जत घालू नका. 'यू' सगळ्यांसाठी. मधल्या 'यूए'त मात्र निर्णय सेन्सॉर बोर्डाने आपल्या हातात दिलेला असतो.

पूर्वी नुसतं 'यूए' असायचं, १९८३पासून. अर्थ इतकाच, की १२च्या आतल्या मुलांच्या बाबतीत पालकांनी बघून ठरवावं. आता सहा वर्षांचं पोर आणि अकरा वर्षांचं पोर एकाच मापात कसं बसायचं? २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि यूए ७+, १३+, १६+ असे तीन टप्पे आले. जुन्या सिनेमांवर अजून तेच नुसतं 'यूए' दिसेल, तिथे जास्त चौकशी करा.

मी ती केली नव्हती. माझी मुलगी सात वर्षांची असताना वाशीला एका 'यूए' सिनेमाला तिला घेऊन गेले. हाणामारी फारशी नाही असं ऐकलं होतं, आणि ते खरंही होतं. पण एका प्रसंगात स्टेशनच्या गर्दीत आईच्या हातातून मुलाचा हात सुटतो. रक्त नाही, किंचाळी नाही. माझी पोरगी दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसली आणि तिने कान गच्च झाकले. डोळे मात्र उघडेच. घरी आल्यावर एक शब्द बोलली नाही. मग नेरूळ स्टेशनचा जिना चढताना माझ्या ओढणीचं टोक मनगटाला दोनदा गुंडाळून घ्यायला लागली. पावसाळा संपेपर्यंत हे चाललं. मला फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

म्हणून १३+ वाचून थांबू नका. बोर्ड हिंसा, शिव्या, व्यसन, भीतीची दृश्यं बघतं. तुमची धाकटी कशाला घाबरते हे तुम्हालाच ठाऊक. कुणाला अंधार सोसत नाही, कुणाला कुत्र्याला लागलेलं बघवत नाही. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना 'चांगला आहे का?' असं विचारूच नका. नेमकं विचारा: कोणी मरतं का, मूल हरवतं का, अचानक मोठा आवाज येतो का. आठ वर्षांच्या मुलीसाठी १३+ म्हणजे पाच वर्षांचं अंतर आहे. मी असते तर या रविवारी बापलेकांना पाठवलं असतं आणि धाकटीला घेऊन दुसरा 'यू' किंवा ७+ बघितला असता.

घरच्या ओटीटीबद्दलही सांगते, कारण तिथे बरेच जण फसतात. तिथलं वयाचं लेबल सेन्सॉर बोर्डाचं नसतं, २०२१च्या नियमांप्रमाणे ती कंपनीच ते ठरवते. १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना पालकांसाठी कुलपाची सोय देणं कंपनीला बंधनकारक आहे, पण ते लावायचं आपणच. पिन मुलाच्या वाढदिवसाची ठेवू नका, ती त्याला पहिल्या फटक्यात सापडते.

आणि तरीही चौघांनी जायचंच ठरलं, तर कडेच्या खुर्च्या घ्या. 'माझा हात दोनदा दाबलास की आपण लगेच बाहेर' असं तिला आधीच सांगा. दाबला की खरंच उठा, तिकिटाच्या पैशांकडे बघू नका.