मेडिकल सायन्सेसची डिग्री प्लॅन करायची तर शेवटच्या वर्षापासून उलटं मोजत ये

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मेडिकल सायन्सेसमध्ये बॅचलर्स करायचंय, पुढे डॉक्टरकीकडे वळायचं की रिसर्चमध्ये जायचं हे अजून नक्की नाही, तर पहिल्या वर्षी कुठले विषय घेऊ आणि सोपे इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, घेऊन मार्क वर नेऊ का. मी हीच डिग्री करून पुढे लॅबमध्ये गेले, आता नवीन आलेल्यांना शिकवतेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

आधी एक गोष्ट, कारण यात भलेभले गोंधळतात. ही डिग्री घेतली म्हणजे डॉक्टर झालो असं नाही. पेशंट तपासता येत नाही, औषध लिहून देता येत नाही. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इम्युनॉलॉजी, जेनेटिक्स, म्हणजे मेडिकल कॉलेजात सुरुवातीला जे शिकवतात तेच बरंचसं असतं, पण इथे ते सायन्स म्हणून शिकायचं, बेडसाइड म्हणजे पेशंटजवळ उभं राहून शिकणं सोडून. काही ठिकाणी मेडिकलचे विद्यार्थी मध्येच एक जादा वर्ष घेऊन अशी डिग्री मिळवतात, त्यामुळे नाव एकच दिसतं आणि घरच्यांना वाटतं चला झाला डॉक्टर. घरी हे आत्ताच नीट सांगून ठेव, नंतर फार डोकेदुखी होते.

आणि ही डिग्री म्हणजे डॉक्टरकीची वेटिंग रूम असं समजून येणारे जे असतात ना, त्यांचंच सगळ्यात वाईट होतं, कारण मन पुढच्या दारावर आणि समोरच्या विषयात लक्ष नाही. एमआरएनए लसींचा पाया जिच्या कामावर उभा राहिला आणि जिला २०२३ चं मेडिसिनचं नोबेल ड्र्यू वाइसमनबरोबर मिळालं ती कातालिन कारिको बायोकेमिस्ट आहे, डॉक्टर नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधल्याबद्दल २०१५ ला ज्यांना नोबेल मिळालं त्या चिनी शास्त्रज्ञ 'तू यूयू' शिकल्या फार्मसी, त्यांच्याकडे मेडिकलची डिग्रीही नाही आणि डॉक्टरेटही नाही. सगळ्यांना नोबेल मिळतं असं म्हणत नाहीये मी, पण वैद्यकशास्त्रात कामाचं डोकं लागतं, स्टेथोस्कोप लागतोच असं नाही.

आता प्लॅनिंग. बहुतेक जण पहिल्या सेमिस्टरपासून पुढे पुढे विषय घेत जातात आणि तिसऱ्या वर्षी अडकतात. उलटं कर. शेवटच्या वर्षाचे विषय काढ, त्यातले तुला खरंच करावेसे वाटतात ते दोन-तीन निवड, आणि प्रत्येकाला आधी काय झालेलं लागतं ते बघत मागे ये. अ‍ॅडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी हवं असेल तर आधी बेसिक फार्माकॉलॉजी, त्याआधी फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री, बायोकेमिस्ट्रीच्या आधी ऑरगॅनिक आणि त्याच्याआधी जनरल केमिस्ट्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा विषय पहिल्या सेमिस्टरच्या केमिस्ट्रीवर लटकलेला असतो. त्यात पुष्कळ विषय वर्षातून एकाच सेमिस्टरला चालवतात, तो चुकला की साखळीच एक वर्ष पुढे सरकते. कागदावर बाण काढून हे मांड, अर्धा तास लागेल आणि अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

केमिस्ट्रीला कंटाळून ती 'नंतर बघू' म्हणणारे फार भेटतात, म्हणून एक उदाहरण देते. रक्ताचा पीएच साधारण ७.३५ ते ७.४५ मध्ये असतो, हे पाठ सगळ्यांना असतं. का असतो ते विचारलं की शांतता. समीकरण आहे ६.१ अधिक लॉग, आणि लॉगच्या आत बायकार्बोनेट भागिले विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. नॉर्मल माणसात बायकार्बोनेट २४, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४०, तो ०.०३ ने गुणला की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२, आणि २४ भागिले १.२ म्हणजे २०. २० चा लॉग १.३, झाला पीएच ७.४. आता समज श्वास मंदावला आणि दाब ४० चा ८० झाला, बायकार्बोनेट अजून तेवढंच आहे, तर भागाकार १० वर येतो, लॉग १, पीएच ७.१, माणूस गंभीर. मग किडनी काही दिवसांत बायकार्बोनेट साठवून भागाकार परत वर ओढते, म्हणून वर्षानुवर्षं फुप्फुसाचा आजार असलेल्याचा पीएच जवळजवळ ठीक दिसतो आणि आकडे मात्र दोन्ही वाढलेले. बघ, केमिस्ट्रीतलं बफर (पीएच फार हलू न देणारं मिश्रण), शाळेतला लॉग, फुप्फुस, किडनी आणि पॅथॉलॉजी सगळं एका ओळीत आलं. हे ज्याला कळलं त्याला पुढचा रिपोर्ट वाचताना पाठ केलेलं आठवत बसावं लागत नाही.

स्टॅटिस्टिक्सचंही तसंच. तो विषय लोक सगळ्यात शेवटी ढकलतात आणि माझ्या मते तो दुसऱ्या वर्षाच्या आत व्हायलाच हवा. १००० माणसं घे, आजार १ टक्क्याला म्हणजे १० जणांना. टेस्ट अशी की आजारी असेल तर ९० टक्के वेळा पकडते आणि निरोगी असेल तर ९० टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते. ऐकायला झकास. १० पैकी ९ पॉझिटिव्ह आले, पण ९९० निरोगी लोकांतले ९९ पण पॉझिटिव्ह आले. म्हणजे एकूण १०८ पॉझिटिव्ह आणि खरे आजारी फक्त ९, जेमतेम ८ टक्के. हे न कळता पेपर वाचणं म्हणजे नुसता निष्कर्ष वाचून मान डोलावणं.

डॉक्टरकीचं दार उघडं ठेवायचं असेल तर ते पहिल्याच वर्षी ठरतं, कारण प्रत्येक देशाच्या अटी वेगळ्या. अमेरिकेत मेडिकल कॉलेजला सहसा बॅचलर्स झाल्यावर जातात, बहुतेक कॉलेजं बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे लॅबसकट मागतात, बायोकेमिस्ट्री पण आता बऱ्याच ठिकाणी. वर एमकॅट ही प्रवेश परीक्षा, चार भाग, स्कोअर ४७२ ते ५२८, आणि आयुष्यात सातपेक्षा जास्त वेळा देता येत नाही. ऑस्ट्रेलियात ग्रॅज्युएट एंट्रीच्या, म्हणजे बॅचलर्सनंतर घेणाऱ्या, मेडिकल कॉलेजांना सहसा गॅमसॅट ही परीक्षा लागते, ब्रिटन-आयर्लंडमध्येही बऱ्याच ठिकाणी तीच. त्यात एक अख्खा भाग निबंध लिहायचा असतो, आणि सायन्सची पोरं नेमकी तिथे घसरतात. फिजिक्स मेडिकल सायन्सेसच्या डिग्रीत कधी कधी सक्तीचं नसतं, म्हणून ते राहून जातं आणि शेवटी कळतं की अर्जच करता येत नाही. तेव्हा ज्या देशात जायचं मनात आहे तिथल्या दोन-तीन कॉलेजांच्या अटी तुझ्या त्या बाणांच्या कागदाशेजारी ठेव.

लॅबच्या नोकरीचा विचार असेल तर एक सूक्ष्म गोष्ट. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सँपल तपासणारा माणूस हा बऱ्याच देशांत रजिस्टर्ड व्यावसायिक असतो, नुसती सायन्सची डिग्री पुरत नाही. ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे पदनाम कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नाव असल्याशिवाय ते लावता येत नाही. नावात बायोमेडिकल किंवा मेडिकल आहे म्हणून कोर्स मान्यताप्राप्त असेलच असं नाही. अ‍ॅडमिशनच्या आधी विचार, आणि उत्तर लेखी घे, फोनवरच्या हो-हो वर जाऊ नकोस.

सोप्या इलेक्टिव्हचं विचारलंस. एखादा हलका विषय जड सेमिस्टरमध्ये घाल, त्यात गैर काही नाही, पुढे ग्रेड बघतातच. पण सगळेच तसले घेतलेस तर शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करताना हातात काही नसतं. माझं मत विचारशील तर एक लेखनाचा आणि एक प्रोग्रॅमिंगचा विषय घे, पायथन किंवा आर काहीही. लॅबमध्ये पिपेट धरायला दोन आठवड्यांत शिकवता येतं, नीट परिच्छेद लिहायला नाही.

अ‍ॅनाटॉमी आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री एकाच सेमिस्टरला घेऊ नकोस, दोन्ही वेळखाऊ. अ‍ॅनाटॉमीत नुसतं वाचून भागत नाही, ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, पाचही रूट्ससकट कोऱ्या कागदावर काढता आला पाहिजे, आणि तो दर आठवड्याला काढत राहिलं तरच हातात बसतो. हिस्टॉलॉजीचं, म्हणजे मायक्रोस्कोपखाली टिश्यू ओळखण्याचं, तसंच, स्लाइडखालची नावं झाकून आधी स्वतः ओळख. निळे-जांभळे ठिपके म्हणजे न्यूक्लिअस, गुलाबी ते बाकीचं, एवढ्यावरून सुरुवात कर, मग पेशी एका थरात आहेत की अनेक, वर केसांसारखे बारीक तंतू आहेत का, असं विचारत गेलं की टिश्यू आपोआप सापडतो.

रिसर्चचं म्हणशील तर दुसऱ्या वर्षापासून एखाद्या लॅबमध्ये जाऊन उभं राहायला सुरुवात कर. सरांना ईमेल करताना 'मला तुमच्या कामात रस आहे' एवढंच लिहू नकोस, त्यांचा एक पेपर वाच आणि त्यातली न कळलेली एक आकृती विचार, उत्तर यायची शक्यता खूप वाढते. सुरुवातीला बाटल्या धुवायला आणि लेबलं लावायलाच लावतील, चालतं, लॅबमध्ये माणसं कशी काम करतात ते तिथूनच दिसतं.

आणि एक, नियमपुस्तिका तुझ्या प्रवेशाच्या वर्षाचीच डाउनलोड करून ठेव. अभ्यासक्रम मध्येच बदलतात, आणि बहुतेक ठिकाणी तुला लागू होतात ते तू शिरलास किंवा शिरलीस त्या वर्षीचे नियम, सीनियरचे नाहीत. शेवटच्या वर्षाच्या विषयांची यादी असेल तर दे, कुठला विषय कुठे अडकतोय ते बघून सांगते.